पाणसळ

विजेच्या बिलामागे यादी:
सहाशे लिटरची काच, खाली संप टाकी,
स्किमर. मोठा घ्या म्हणतात,
पण मोठा घोरतो,
आणि भिंतीपलीकडे सासऱ्यांची झोप आधीच पातळ.

दिवे निळे की पांढरे, यात तीन रविवार गेले.
चिलर चैत्रात लागणारच.
मोटरी दोन. एक बंद पडली तर?
पडेलच. मालवणात गंजाला सुट्टी नसते.

मिठाची बादली कुरियरने आली तेव्हा
पास्कोल ओट्यावर जाळं शिवत होता.
"पाठी दर्या आसा, नि मीठ इकत घेतंस गो?"
म्हटलं, बंदराच्या पाण्यात डिझेल असतं.
तो गप्प झाला.
डिझेल त्याच्याच होडीचं.

इन्व्हर्टर मात्र सगळ्यांत आधी ठरला.
वादळानंतर आठ दिवस वीज नव्हती,
त्या फ्रीजचा वास
मी अजून विसरले नाही.

प्रवाळ शेवटी.
आधी सहा आठवडे नुसतं पाणी फिरवायचं,
कुणासाठीही नाही.

आज जनू मेस्त फणसाचा स्टँड घेऊन आला.
आठशे किलो पेलायचे,
तरी खिळा एकही नाही, नुसते सांधे.
वर पाणसळ ठेवली.
बुडबुडा पूर्वेला सरकला आणि तिथेच बसला.

"स्टँड सरळ आसा," तो म्हणाला.
"घरच दर्याकडे कलला."
"कधीपासून?"

त्याने कानामागची पेन्सिल काढली,
खिशातून एक ढलपी,
पश्चिमेच्या पायाखाली ठोकली.
बुडबुडा मध्ये आला.

बाकीचं घर तसंच राहिलं.