टिपलर, रुवैस

दिवसभर पिवळं.
गंधकाची गाडी वाळवंटातून येते,
डब्यांचे तळ उघडतात, दाणे सरसरत खाली जातात,
मी पॅनेलवरचे आकडे वहीत उतरवतो.
रात्री कँपातल्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर,
काळं.

चौदा सेंटिमीटरचा डबा.
तो रुळासकट उलटा करायचा
आणि पुन्हा सरळ. एवढंच.
सहा महिने झाले त्याला.

पाइपाची कडी गुलजमान सुताराने कापून दिली,
पाळणा करतोयस का, म्हणाला, कुणाकडे हललं वाटतं?
मोटर भंगारातल्या मायक्रोवेव्हची,
जन्मभर लोकांची ताटं फिरवलेली,
मिनिटाला पाच फेरे, घाई ठाऊक नाही.
तिचा एक स्वभाव मात्र उशिरा कळला:
सुरू होताना ती दिशा विचारत नाही.
कधी उजवी, कधी डावी, मनाला येईल ती.
पहिल्याच रात्री कोळसा हॉपर सोडून
बिजूच्या चहात पडला.
त्याने तो गाळून प्यायला
आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मग चुकीच्या बाजूला एक खिळा मारला.
आता ती त्यावर आपटते,
आणि गुमान उलटी फिरते.

कोळसा म्हणजे खजुराच्या बिया.
मेसमधून मागून आणल्या, तव्यावर भाजल्या,
धुराचा अलार्म वाजला, बनियनवर सगळा मजला खाली.
पुढच्या खेपेला कुंपणापाशी, पत्र्याच्या डब्यात.
मग कुटून, चहाच्या गाळणीने चाळून.
बोटं दोन दिवस काळी राहिली.
पंचिंगचं मशीन मला ओळखेना.

सगळ्यात जास्त दिवस सांध्याने खाल्ले.
एक डबा फिरला की शेजारचा लवंडायचा,
त्याच्या मागचा, त्याच्याही मागचा,
लग्नाच्या पंगतीत एकाने उठावं तसं.
अखेर फाटलेल्या कव्हरऑलचं टिचबटण सापडलं.
अर्धं या डब्याला, अर्धं त्या.
धरूनही ठेवतं
आणि फिरूही देतं.

शुक्रवारी बाबांना फोन लावला, दुर्गापूरला.
थर्मलच्या टिपलरवर सत्तावीस वर्षं काढलेला माणूस,
व्हिडिओ असला तरी फोन कानालाच लावतो.
बराच वेळ मला नुसता कान दिसत होता,
पाळीत अजून एक काळा ठिपका, न निघालेला.
बाबा, कान नको. डोळे.

डबा आला, पकडीत बसला, फिरला,
कोळसा गेला, डबा परत सरळ.
कोपऱ्यांत थोडा चिकटून राहिला होता.
ऑगस्टात इथली हवा ओली असते, भिंतीसुद्धा घामेजतात.

"राह्यतेच," ते म्हणाले.
"पान्याच्या दिवसात तं अर्धी वॅगन चिकटे.
आमी बांबूनं टोचू."
मग थांबले. फोन जवळ नेला, लांब नेला.
"भोंगा कुठी हाये?"

खेळणं आहे, बाबा, मी हसलो.
रात्रपाळीवाले झोपलेले असतात.

"फिरवाच्या आंधी भोंगा.
खाली कोन हाये, तुले का मालूम?"

खाली इस्त्रीचं टेबल होतं.
त्यावर बटाट्याच्या वेफर्सचं रिकामं झाकण, हॉपर म्हणून.
मी झाकणात पाहिलं तरीही.

खाली कोण होतं, कोणत्या साली,
ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
पडद्यावर परत कान आला,
आणि त्यामागे त्यांच्या घरातला पंखा, टकटक करणारा.

भोंगा इथे चालायचा नाही.
म्हणून लाल दिवा बसवलाय, तांदळाएवढा.
फिरण्याआधी तीनदा लुकलुकतो.
तिसऱ्याला बिजू न बोलता चहा उचलून घेतो.
मी वाकून खाली बघतो.
मग बटण.