चौरस फूट

पारडी नाक्यावर टँकर थांबला,
भिलाईहून रात्रभर चालून.
मी इतवारीत, शटर अर्धं पाडून,
साहेबांच्या गालावरचा तीळ पुसत होतो स्क्रीनवर.
बारा बाय आठ. 'प्राणवायू आणल्याबद्दल आभार',
खाली वॉर्डातले झाडून सगळे चेहरे.
मग दुसऱ्यांचा फोन,
टँकर म्हणे त्यांनीच मागवला.
त्यांचंही छापलं. आपल्याला काय बाप्पा,
चौरस फुटाचा भाव.

शाई ओली.
एप्रिलचं ऊन नागपूरचं, तरी वीस मिनिटं लागतातच.
तेवढा वेळ ड्रायव्हर चाकाच्या सावलीत
खर्रा घोटत बसला,
आधी कोणाचा फोटो, हे ठरेपर्यंत.

मेडिकलमध्ये, खाटेला खाट लावलेल्या वॉर्डात,
माझा नारनवरे होता.
खिळे ओठांत धरून बोर्ड ठोकायचा;
बोलायचा नाही, हुं म्हणायचा.
वीस मिनिटांनी फरक पडला असता का, माहीत नाही.
मला फुटांचा हिशेब येतो.

रात्री पोरानं त्याचा लग्नातला फोटो पाठवला,
दोन बाय तीन पुरे म्हणाला.
नवा रोल संपलेला.
बिघडलेल्या बॅनरच्या पाठीवर छापला,
पैसे नाही घेतले.

चौकात वारा सुटला की नारनवरे उलटतो:
मागे साहेबांचे जोडलेले हात.