दहापर्यंत

हातमोजे काढ, रोई.
माहीत आहे, खाडीवरचं वारं आत शिरतंय,
स्कालाच्या या गोदीचं पत्र्याचं दार
माझ्या आठवणीत कधी नीट लागलेलं नाही,
आणि तुझी बोटं काकडलीत.
तरी काढ.
मोजे पातं बदलताना. नवं पातं वेटोळं घालून येतं,
तार सोडली की उसळतं,
एका झटक्यात तुझ्याहून उंच होतं.
तेव्हा घाल. डोळ्यांवर चष्माही.
चाक फिरू लागलं की उघडे हात, वर सरकवलेल्या बाह्या.

तीस वर्षांपूर्वी इथेच उभी होते मी,
हातांत आईनं विणलेले करडे मोजे,
आमच्याच मेंढ्यांची लोकर.
शिकंज्यात एका मासेमारी बोटीचा दांडा,
मांडीएवढा जाड,
आणि पट्टी-करवतीपलीकडे हॉग्नी,
जो दिवसाला चाळीस शब्द बोलायचा,
त्यातले तीस यंत्राशी.

कीस वाच, म्हणायचा.
भुकटी पडली तर तू नुसतं घासतेयस.
निळा, करपट पडला तर छळतेयस.
रुपेरी, सैल, वळलेला पडला
की गप्प बसून बघ.
पातळ नळीला बारीक दाते:
एका वेळी तीन तरी धातूत हवेत,
एकटा दात मोडतो.

ब्रश हाताशी होता.
तरी हात गेला,
मार्गदर्शक चाकाजवळ साचलेला कीस झटकायला.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.
डोळ्याचं पातं लवतं न लवतं
तोच त्या दुसऱ्या पात्यानं
करंगळीचं टोक धरलं. लोकरीचं.
माझं नाही.

आईची वीण सैल.
देवळातल्या बायका हसायच्या तिला,
तिचे स्वेटर दुसऱ्या वर्षी गुडघ्याला यायचे.
त्या सैलपणातून माझा हात
मागे निघाला, आणि मोजा पुढे गेला,
उसवत, उसवत.
लाल बटणावर हॉग्नीचा गुडघा आधीच पोचला होता.

तो ओरडला नाही.
भिंतीवरचा खटका पाडला, कुलूप घातलं,
किल्ली माझ्या खिशात टाकली.
झाकण उघडलं.
चाकाभोवती करडं सूत, दुधाळ पाण्यात भिजलेलं,
जणू यंत्रानंही काही विणायला घेतलं होतं.
चिमट्यानं एकेक धागा काढत आम्ही तासभर बसलो.
त्यातच कळलं, खालचं एक बेअरिंग
कित्येक दिवसांपासून फिरतच नव्हतं.
म्हणून तिथे कीस साचत होता.
ते त्यानं बदललं. पातं फेकलं.
मग म्हणाला, जुन्या खाचेत नवं पातं घालायचं नाही.
दांडा फिरव, दुसऱ्या अंगानं सुरू कर.
पहिले काही काप अर्ध्या दाबानं,
कोऱ्या दातांना अजून सवय नाही.

संध्याकाळी अॅप्रन टांगताना
त्यानं माझे दोन्ही हात दिव्याखाली धरले,
एकेक बोट दाबत मोजलं.
दहा, म्हणाला.
पुढे रोज तेवढंच म्हणायचा, 'उद्या भेटू' च्या जागी.

आता वृद्धाश्रमात आहे, खिडकी समुद्राकडे.
माझं नाव त्याच्या हाती लागत नाही.
मी फोन केला की जरा थांबतो, श्वास ऐकू येतो,
मग विचारतो, किती?

चल, ताण बघून घे.
शिकंजा परत एकदा आवळ, आवळलेला वाटला तरी.
मार्गदर्शक हात कामाजवळ आण, अजून जवळ,
मोकळं पातं वाकडं जातं.
आणि त्या टाकीत वर तेल तरंगतंय,
आठवडाभर कुणी बघितलेली दिसत नाही,
वास येतोय.
आधी ती साफ कर.