तारीख मागच्या बाजूला

पहाटे तीनला छतातून टिक् झालं.
एकदाच. मग चाळीस सेकंद काही नाही.
मग पुन्हा.

ओरेस्टला ऐकू आलं नाही.
त्याचे दोन्ही कान उशाशी डबीत होते, चार्जिंगला.
स्लाव्काने त्याच्या खांद्यावर थोपटलं
आणि अंधारात बोट वर केलं.
अंधारात बोट दिसत नाही,
पण सत्तेचाळीस वर्षांनी
कुठे असेल ते कळतं.

बाहेर डॉफिन गावावर उणे चौतीस.
खाली तळघरात भट्टी घरघरत होती.
तो शिडीवर, लोकरी मोज्यांत.
ती शिडी धरून म्हणाली,
"पडलास तर मी उचलणार नाही, सांगून ठेवते."

बॅटरी नवी घातली. टिक्.
दुसरी घातली. टिक्.
शेवटी उलटा करून पाहिला तो डबा,
कधीकाळचा पांढरा, आता जुन्या दातासारखा पिवळा,
तर तारीख मागच्या बाजूला,
आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत: दहा वर्षांनी बदला.
अकरा होऊन गेली होती.
म्हणजे मागचा अख्खा हिवाळा
आपल्यावर पहारा कुणाचा होता?

सकाळी कंपनीला फोन.
माव्हिस नावाची बाई गोड आवाजात म्हणाली,
नवे डबे तुमच्या जुन्या पॅनेलला कळणार नाहीत,
त्यांची भाषा वेगळी.
"आपल्या नातवंडांसारखंच," स्लाव्का म्हणाली,
युक्रेनियनमध्ये.

मग टेबलावर कागद पसरले.
एक भडकत्या ज्वाळेला लवकर ओळखतो,
एक सोफ्यात रात्रभर धुमसणाऱ्या ठिणगीला.
एकाचा आवाज खर्जातला, म्हाताऱ्या कानांसाठी,
सोबत उशीखाली ठेवायची चकती,
आग लागली की थरथरणारी.
ओरेस्टने किंमत पाहिली, चष्मा काढला, पुसला,
पुन्हा पाहिली. तीच होती.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका तापात
स्लाव्काचं नाक गेलं.
दारातूनच ओळखायची ती,
कुठला पोरगा सिगारेट ओढून आलाय.
आता बोर्श्ट तिला फक्त गरम लागतं.
टोस्ट जळून कोळसा होतो
आणि ती शेजारी उभी राहून
पेपरातल्या निधनवार्ता वाचत असते.
त्याला कान नाहीत, हिला नाक नाही,
दोघांत मिळून एक धड माणूस
कसाबसा निघतो. रात्री तोही झोपतो.

दुसऱ्या डब्यापाशी कोणी बोललं नाही.
कार्बन मोनॉक्साइड.
त्याला वास नाही, रंग नाही.
त्याच्यापुढे धडधाकट नाकही मुकाट.
गोठल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या खोपटात
द्मित्रो पासिच्निक असाच सापडला होता,
हीटर चालू, हातात दोरी, गाल गुलाबी.
स्लाव्का म्हणाली होती, किती तरुण दिसतोय.
दोरीला मासा लागलेला होता.
तो ओरेस्टने सोडवून पुन्हा भोकात टाकला,
हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

"दोन घे," स्लाव्का म्हणाली.
"एक भट्टीपाशी. एक इथे, बिछान्याजवळ."
किंमत तिने विचारली नाही.

गुरुवारी पार्सल आलं. पॅनेलसुद्धा नवं.
पुन्हा शिडी, पुन्हा तेच बजावणं.
लावण्याआधी ओरेस्टने प्रत्येकाची पाठ वाचली,
आणि कपाटाच्या दाराआड पेन्सिलीने वर्ष लिहिलं,
बदलायचं.
स्लाव्काने बोटांवर हिशेब केला.
"तेव्हा तू शहाऐंशीचा. शिडीवर कोण चढणार?"
त्याने कान काढून ठेवले होते,
किंवा तसं दाखवलं.

बटण दाबून सगळे वाजले. उशी थरथरली.
तरी तिचं समाधान होईना.
पावाचा एक तुकडा तिने मुद्दाम जाळला
आणि डब्याखाली उभी राहिली,
डोळे मिटून, मान वर करून,
पूर्वीच्या सवयीने खोल श्वास घेत.

घर दणाणलं.
शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आला," ती म्हणाली, "आला वास."