रंग न दिलेली शिडी

वालपाराइसोच्या चढावर सपाट असं काहीच नाही.
एदुविना शिडीचा एक पाय गल्लीच्या पायरीवर टेकवते,
दुसऱ्याखाली लाकडाची पाचर. वीट नाही.
वीट दगाबाज, म्हणते, न सांगता फुटते.

मग फळी. दोन दगडांवर, वीतभर उंच,
आणि मधोमध ती स्वतः उडी मारते.
दोनदा. कान देऊन.
मडकं वाजवून घ्यावं तसं.

पत्र्याची भिंत आज पिवळी व्हायची आहे,
खिडक्या निळ्या. शेजारचं लाल दार तिचंच.
तीस वर्षांत अख्खी टेकडी रंगवली हिनं,
शिडी मात्र उघडी, नुसतं तेल पाजलेली.

मी विचारलं. ती दोर आवळत होती.
"रंगाखाली भेग दिसत नाही."
एवढंच.
गाठ बसल्यावर मग: "निबाल्दोची हिरवी होती. देखणी."

दुपारी समुद्रावरून वारा सुटला.
भिंत अर्धी पिवळी ठेवून आम्ही उतरलो.
घरमालकीण दारात येऊन कुरकुरली.
एदुविनानं ब्रश धुतले,
आणि शिडी आडवी मांडीवर घेऊन
एकेका दांड्यावरून बोट फिरवत बसली,
डोळे मिटून.