उजवा पडदा

डावा पडदा शहाणा.
त्यावर जहाजाचा आडवा छेद,
कुठल्या खणात कुठला कंटेनर ते.
उजव्यावर यार्ड, सोहार बंदराचं,
अकरा रांगा, चार क्रेन, आणि एक मांजर
जे नकाशात नाही, पण आहे.

तर हा उजवा, रविवारपासून,
मधूनच मिटायला लागला.
दोन सेकंद, कधी तीन,
डोळ्यात कुसळ गेल्यासारखा.
मग उघडायचा, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

शाहदाद आला, आयटीचा. बलूची पोरगा, जन्म इथलाच,
हिंदी माझ्यापेक्षा बरी.
टेबलाखाली शिरला नि तिथूनच विचारलं,
ताई, हा ॲडॅप्टर कुठून आणला?
सूकमधून. दीड रियाल.
टेबलाखालून नुसता सुस्कारा आला.

केबल बदलली. मिटला.
पडद्यांची अदलाबदल केली,
तर शहाणाही मिटायला लागला.
मग दुबईहून आला चौदा रियालचा ॲडॅप्टर,
त्याला स्वतःची वेगळी वीज, आणि बारीक निळा दिवा,
डब्यावर लिहिलेली तीन वर्षांची हमी.
तासभर नीट चालला.

हे एकाच दिशेने चालतात, शाहदाद सांगत होता,
कॉम्प्युटरकडून पडद्याकडे.
उलटे लावले तर बसतात घट्ट,
पण पलीकडे काही पोचत नाही.
मुकादमचाचा शेजारच्या टेबलावरून हसले.
बाणकोटचे. तेहतीस वर्षं आखातात.
आपल्यातलेच म्हणायचे की, म्हणाले.
कुणी काही बोललं नाही. चहा आला.

मग मी वहीच घातली.
१२.१४ मिटला.
१.०५ मिटला.
३.३३ मिटला.
५.४० मिटला, दोनदा.
चार दिवसांची पानं बसमध्ये चाळत होते,
शेजारी कुणाच्या तरी फोनवर अजान झाली
आणि मी वही मांडीवर उलटी ठेवली.
जुहर. डबा. असर.
पाच-चाळीसला चाचांची निघायची वेळ,
आणि चष्मा विसरून परत येण्याची सवय.

दुसऱ्या दिवशी शाहदाद म्हणाला, उठा चाचा.
उठले. खुर्चीच्या दांड्यातून हवेचा उसासा, नि पडदा मिटला.
बसा. उठा. मिटला.
बसा. अरे माझे गुडघे. उठा.
सातव्यांदा सगळं ऑफिस उभं राहून बघत होतं,
फिलिपिनो रोझालिंडाने तर टाळ्या वाजवल्या.
एसीतली कोरडी हवा, खुर्चीचा लोखंडी दांडा,
नजरेला न दिसणारी एक ठिणगी,
आणि लांबलचक केबल ती आयती झेलणारी.
ॲडॅप्टर बिचारे दोन्ही निर्दोष.

खुर्ची बदलून देतो, शाहदाद म्हणाला.
चाचा म्हणाले, ही माझ्या कमरेला ओळखते.
केबलवर काळा मणी चढवला, आखूड केबल मागवली,
ती जेबेल अलीत कुठेतरी अडकली.
तोवर चाचा उठायच्या आधी हाक द्यायला लागले:
उठतोय गं पोरी.
मी माऊसवरून हात काढायची.
दोन सेकंद. चला. पुन्हा यार्ड.

ऑक्टोबरात चाचांनी फायनल एक्झिट घेतली.
टेबलातून निघाल्या
बामची बाटली, दोन चष्मे, आणि पोस्टाची
पत्ता लिहिलेली, पत्र नसलेली पाकिटं.
खुर्चीवर कुणी बसलं नाही दीड महिना.
पडदा दिवसभर जागा, टक्क.
नजर त्यावरून हलवायचं कारणच नव्हतं.
संध्याकाळी डोळे चुरचुरायचे.

आज नवा मुलगा आलाय, कोल्लमचा, अनिरुद्धन.
खुर्ची उंच केली, खाली केली,
आणि फोन वाजला म्हणून ताडकन उठला.
यार्ड गेलं.
सात नंबरचा डबा माझ्या हातून
आठव्या रांगेत पडला.
म्हटलं, हे बघ, उठताना सांगत जा.
का, म्हणाला.

खुर्ची ओढून घे, म्हटलं.
ॲडॅप्टरपासून सुरुवात करावी लागेल.