तारखेची जागा

कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
बेदाण्याच्या पेट्या मोजतो मी, सात वर्षं झाली.
आत चार डिग्री. बाहेर सांगलीचा एप्रिल.
सर्दी हटत नाही, एवढंच घरी सांगतो.

साहेबाची गाडी फाटकात वळली
की वजनकाट्याजवळचा रेडिओ आपोआप बारीक होतो.
तो दार कसं आपटतो त्यावरून
आम्हाला कळतं, आज कोणाचा नंबर.
"अक्कल कुठं गहाण टाकलीस?" हे रोजचंच.
सौद्याच्या दिवशी, व्यापाऱ्यांदेखत,
नमुन्याचे मूठभर बेदाणे त्यानं माझ्या रजिस्टरवर फेकले.
कोणीतरी हसलं.
मी ते एकेक वेचले,
हिरवे हिरव्यात, काळे काळ्यात.
हाताला सवय आहे.

त्या रात्री पहिला राजीनामा लिहिला. चार पानं.
त्यात तो, त्याचा आवाज, माझ्या बापावरून काढलेला शब्द,
दिवाळीचा अर्धाच बोनस, सगळं.
दुसरा दोन पानांत बसला.
आता एकच ओळ उरलीय :
घरगुती कारणास्तव.
सही केलेली. तारीख कोरी.
मोटरसायकलच्या डिकीत, पावसाळी कोटाखाली.

दस्तगीर नदाफनं काही लिहिलंच नाही.
एका दुपारी किल्ली खिळ्याला अडकवली,
स्वेटर घडी करून खुर्चीवर ठेवला
आणि मिरजेच्या वडापमध्ये बसून गेला.
त्याचा कप अजून कोणी उचलत नाही.

मी थांबलो ते हप्त्यांमुळे, असं सांगतो.
खरं म्हणजे मधेच एखाद्या दिवशी
साहेब विचारतो, "आईच्या डोळ्याचं नीट झालं का रे?"
स्वतःच्या डब्यातलं धपाटं पुढं करतो,
आणि मी, येडा,
संध्याकाळपर्यंत शीळ घालत राहतो.

काल नव्या पोराच्या हातून पेटी निसटली.
उमदीकडचं पोर, अठराचं असेल, सिद्राम.
"अक्कल कुठं गहाण टाकलीस?"
मी म्हणालो.
तोच आवाज. 'कुठं' तसंच लांबवलेलं.
गाडी तर फाटकात नव्हतीच.

सिद्राम काही बोलला नाही. खाली बसला
आणि एकेक वेचू लागला,
हिरवे हिरव्यात.

मी बाहेर जाऊन डिकी उघडली.
कागद घेऊन परत आत आलो,
का ते माहीत नाही, तिथंच लिहायचं होतं.
चार डिग्रीत शाई उतरेना.
पेन दोन्ही तळव्यांत धरून चोळत
उभा राहिलो.
सिद्राम वर बघत नव्हता.